जवळची वाट आणि आर्पानेटची अठरा वर्षे

इंटरनेटचे पूर्वज असलेले आर्पानेट हे संगणकांचे जाळे सुरू झाले तेव्हा मार्ग शोधण्याची रीत अगदी साधी होती. प्रत्येक यंत्राने साधारण दर दोन तृतीयांश सेकंदाला शेजारच्या यंत्रांना एक तक्ता पाठवायचा: माझ्यापासून अमुक ठिकाण इतके दूर, तमुक ठिकाण तितके दूर. शेजारीही आपापले तक्ते पाठवणार. आलेल्या आकड्यात त्या शेजाऱ्यापर्यंतचे अंतर मिळवायचे आणि ज्याच्याकडून बेरीज सर्वांत कमी येईल त्याच्या हाती पुढचे पॅकेट, म्हणजे संदेशाचा पुढचा तुकडा, सोपवायचे. सबंध जाळ्याचा नकाशा कोणाकडेही नव्हता. वाटा ठरवणारे मध्यवर्ती कार्यालय नव्हते. तरीही कॅलिफोर्नियातून निघालेले पॅकेट मॅसॅच्युसेट्सला पोचत होते.

ही रीत पुढे दोनदा बदलावी लागली, १९७९ मध्ये आणि १९८७ मध्ये. अधेमधे एकदा सगळे जाळे काही तास ठप्प झाले. इंटरनेटचा इतिहास सांगताना पहिला संदेश, पहिला ईमेल, पहिले संकेतस्थळ यांच्या कथा हमखास येतात. पॅकेटने कोणत्या वाटेने जावे याची कथा बहुधा मागे राहते. मला ती फार मोलाची वाटते. त्या अठरा वर्षांत बीबीएन या एकाच कंपनीतल्या माणसांनी आपलीच पद्धत पुन्हा पुन्हा मोडून काढली, आणि प्रत्येक वेळी आधी काय चुकले ते छापून जगासमोर ठेवले.

पॅकेटची कल्पना त्याआधीची. रँड संस्थेतल्या पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये विकेंद्रित संदेशवहनावरचे आपले अहवाल प्रसिद्ध केले. अणुहल्ल्यात काही केंद्रे नष्ट झाली तरी उरलेल्यांतून संदेश जात राहावा, हा त्यांचा हेतू होता. इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस स्वतंत्रपणे त्याच विचारावर आले आणि ‘पॅकेट’ हा शब्द त्यांनी रूढ केला. आर्पानेट मात्र अणुयुद्धासाठी उभारले गेले नाही. हा गैरसमज अजून पुसला गेलेला नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. विद्यापीठांतले महागडे संगणक दुरून वापरता यावेत, एवढ्यासाठी अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या शाखेने त्यावर पैसा खर्च केला.

काम मिळाले ते केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या बोल्ट बेरानेक अँड न्यूमन, म्हणजे बीबीएन या कंपनीला. फ्रँक हार्ट यांच्या हाताखाली एक लहान गट १९६९ च्या आरंभी कामाला लागला. त्यांनी हनीवेल कंपनीचा डीडीपी-५१६ हा छोटा संगणक घेतला आणि प्रत्येक विद्यापीठात तो मोठ्या संगणकाच्या दारात बसवायचे ठरवले. या यंत्राला ते इम्प म्हणत. आजच्या राउटरचा तो पूर्वज. स्मृती १६ बिटांच्या १२ हजार शब्दांची, म्हणजे आजच्या मापात साधारण २४ किलोबाइट. तेवढ्या जागेत प्रोग्रॅम, सगळे तक्ते आणि वाटेवरची पॅकेटे मावायला हवी होती. पहिला इम्प १९६९ च्या ऑगस्टअखेरीस लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पोचला आणि डिसेंबरपर्यंत चार ठिकाणे सेकंदाला ५० किलोबिटांच्या भाड्याच्या लाइन्सनी जोडली गेली.

मार्ग शोधण्याचा भाग लिहिला विल क्राउदर यांनी. क्राउदर हाडाचे गुहाभ्रमंतीवाले. केंटकीतल्या भुयारांचे नकाशे करण्यात त्यांनी कित्येक सुट्ट्या घालवल्या आणि पुढे १९७०च्या दशकाच्या मध्यावर गुहेत वाट शोधण्याचा एक गाजलेला संगणकीय खेळ लिहिला. इम्पसाठी त्यांनी वापरलेल्या विचाराचे गणित रिचर्ड बेलमन आणि लेस्टर फोर्ड यांनी १९५०च्या दशकातच मांडले होते. क्राउदर यांनी ते अनेक यंत्रांत वाटून टाकले: प्रत्येकाने आपला वाटा करायचा आणि शेजाऱ्यांशी आकडे ताडायचे.

पण ‘दूर’ म्हणजे किती दूर? इथे मैलांना अर्थ नव्हता. क्राउदर यांनी अंतर मोजले ते रांगेवरून: त्या क्षणी या लाइनवर किती पॅकेटे ताटकळत आहेत, अधिक एक ठरावीक आकडा. रांग लांब असेल तर ती वाट ‘दूर’, मोकळी असेल तर ‘जवळ’. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच आर्पानेट गर्दी पाहून वाट बदलणार होते. हे स्वप्न मोठे होते, आणि पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळही त्यातच होते.

हजार बिटांचे पॅकेट ५० किलोबिटांच्या लाइनवर चढवायला २० मिलिसेकंद लागतात. रांग तेवढ्यात वाढते, तेवढ्यात ओसरते. तिची एका क्षणाची लांबी टिपायची आणि पुढचा जवळजवळ पाऊण सेकंद सगळ्यांनी ती खरी मानायची, यात माहिती कमी आणि योगायोग जास्त. कमी गर्दीच्या काळात तर आकडे उगाचच खालीवर होत आणि पॅकेटे कारण नसताना आडवाटेला लागत. लहान जाळ्यात हे खपून गेले.

दुसरा दोष अधिक खोल होता. चांगली बातमी भराभर पसरे, वाईट बातमी रखडे. समजा, क, ख आणि ग ही तीन ठिकाणे एका ओळीत आहेत आणि ख ते ग ही लाइन तुटली. ख ला हे लगेच कळते. पण तेवढ्यात क चा तक्ता येतो: माझ्यापासून ग दोन टप्प्यांवर आहे. हे दोन टप्पे आपल्यातूनच जातात, हे ख ला कळायला मार्ग नाही, कारण तक्त्यात फक्त अंतर असते, वाट नसते. ख समजतो, चला, क कडून रस्ता आहे, तीन टप्प्यांचा. मग क आपला आकडा चारवर नेतो, ख पाचवर, क सहावर. आकडे चढत राहतात आणि ग कडे निघालेली पॅकेटे क आणि ख यांच्यात येरझारा घालत राहतात. ज्याला जे ठाऊक नाही ते त्याने दुसऱ्याच्या भरवशावर सांगायचे, आणि तो दुसरा त्याच्याच भरवशावर बोलत असायचा.

बीबीएनमधल्या जॉन मॅकक्विलन यांनी १९७४ मध्ये हार्वर्डला सादर केलेला पीएचडीचा प्रबंध याच विषयावर होता. वाईट बातमी आल्यावर थोडा वेळ जुन्याच वाटेला धरून राहायचे, म्हणजे तोवर ती बातमी सर्वत्र पोचते, असा उपाय त्या काळात बसवला गेला. त्याने फेरे कमी झाले, पूर्ण थांबले नाहीत.

ऐकीव माहितीवर चालणारे जाळे किती हळवे असते याचा एक दाखला हार्वर्डच्या इम्पने दिला. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याच्या स्मृतीत बिघाड झाला आणि त्याच्या तक्त्यात सगळीकडे शून्ये उमटली. सगळी ठिकाणे माझ्यापासून शून्य अंतरावर, असा निरोप त्याने शेजाऱ्यांना दिला. शेजाऱ्यांनी विश्वास ठेवला, त्यांच्या शेजाऱ्यांनीही ठेवला, आणि देशभरातली पॅकेटे हार्वर्डकडे धावली. एका यंत्राच्या खोट्या आकड्याने बाकी सगळ्यांचा हिशेब बिघडवला.

१९७८ मध्ये मॅकक्विलन, आयरा रिचर आणि एरिक रोझेन यांनी नव्याने मांडणी करायला घेतली. या वेळी आधार होता एड्सगर डाइक्स्ट्रा यांच्या रीतीचा. ती रीत सुचल्याची गोष्ट स्वतः डाइक्स्ट्रा यांनी सांगितली आहे: १९५६ साल, ॲमस्टरडॅम, वाग्दत्त वधूबरोबर खरेदी करून दमल्यावर दोघे एका कॅफेत कॉफी प्यायला बसले, आणि कागद-पेन्सिल न घेता वीस मिनिटांत सर्वांत जवळची वाट काढण्याची कृती डोक्यात तयार झाली. १९५९ मध्ये ती तीन पानांत छापली गेली. या कृतीला सबंध नकाशा लागतो. म्हणजे प्रत्येक इम्पकडे सगळे जाळे कागदावर मांडल्यासारखे हवे.

मग त्यांनी निरोपाचे स्वरूपच बदलले. यापुढे कोणीही ‘अमुक ठिकाण माझ्यापासून इतके दूर’ असे सांगायचे नाही. फक्त आपल्या दारातून निघणाऱ्या लाइन्सबद्दल बोलायचे: या शेजाऱ्यापर्यंत पॅकेट पोचायला मला इतका वेळ लागतो. हा निरोप शेजारी पुढे देईल, त्याचा शेजारी त्याच्या पुढे, आणि तो जसाच्या तसा सर्वांपर्यंत जाईल. त्यावरून प्रत्येकाने आपला नकाशा दुरुस्त करायचा आणि वाटा स्वतः काढायच्या. साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिलेले तेवढेच सांगावे, निष्कर्ष ज्याचा त्याने काढावा. या सगळ्या इतिहासात मला हे पाऊल सर्वांत मोठे वाटते. आज मोठमोठ्या जाळ्यांच्या पोटात चालणाऱ्या ओएसपीएफ आणि आयएस-आयएस या दोन्ही पद्धती याच पायावर उभ्या आहेत.

मोजमापही सुधारले. रांगेच्या क्षणिक लांबीऐवजी प्रत्येक पॅकेटवर येण्याची आणि जाण्याची वेळ नोंदवून दहा सेकंदांची सरासरी काढली जाई. निरोप पाठवायचा तो बदल लक्षणीय असेल तरच. लक्षणीय म्हणजे किती, याची मर्यादाही स्थिर नव्हती. एकदा निरोप गेला की मर्यादा ६४ मिलिसेकंदांवर जाई आणि मग दर दहा सेकंदांनी उतरत जाई, त्यामुळे मोठा बदल लगेच कळे, लहान बदल थोडा थांबून कळे आणि मिनिटाभरात एक तरी निरोप निघेच. निरोप देशभर पसरायला सेकंदाचा दहावा भाग पुरे. सबंध नकाशा दरवेळी नव्याने न मांडता बदललेल्या फांदीपुरतेच गणित करण्याची युक्ती त्यांनी काढली, त्यामुळे यंत्राची आणि लाइनची एक-दोन टक्केच शक्ती या कामात जाई. मे १९७९ मध्ये नवी पद्धत आर्पानेटवर चालू झाली. त्यावरचा तिघांचा लेख पुढच्या वर्षी छापून आला आणि आजही अभ्यासला जातो.

त्याच वर्षी, २७ ऑक्टोबर १९८० ला, आर्पानेट बंद पडले.

केंब्रिजच्या नियंत्रण केंद्रात बसलेल्यांना दिसले ते असे: इम्प उत्तरे देत नाहीत, लाइन्स एकामागून एक तुटल्याचे कळते आहे, आणि हे एखाद्या भागात नाही, सगळीकडे. इम्पच्या स्मृतीची नक्कल मागवून पाहिल्यावर सगळ्या जागा मार्गाच्या निरोपांनी भरलेल्या आढळल्या. आणि ते सगळे निरोप एकाच, ५० क्रमांकाच्या इम्पच्या नावाचे. त्यांवरचे अनुक्रमांक फक्त तीन, त्याच क्रमाने पुन्हा पुन्हा: ८, ४०, ४४, ८, ४०, ४४.

अनुक्रमांक का लागतो? निरोप अनेक वाटांनी पसरतो, त्यामुळे तो एकाच इम्पकडे दोन-तीन बाजूंनी येतो. नवा कोणता आणि पाहिलेला कोणता, हे ओळखायला प्रत्येकावर क्रमांक असे. सहा बिटांचा, म्हणजे ० ते ६३. त्रेसष्टनंतर पुन्हा शून्य. म्हणून ‘नवा’ ठरवताना आकडे वर्तुळावर मांडल्यासारखे धरत: पुढच्या अर्ध्या वर्तुळात येणारा तो नवा. या हिशेबाने ४० हा ८ पेक्षा नवा, ४४ हा ४० पेक्षा नवा, आणि ८ हा ४४ पेक्षा नवा. एका इम्पचे हे तीन निरोप एकाच वेळी जाळ्यात असण्याची वेळ कधी येणारच नाही, असे गृहीत होते.

ती आली. द्विमान अंकांत ४४ म्हणजे १०११००. त्यातला एक बिट गळला की १०१०००, म्हणजे ४०. दुसरा गळला की ००१०००, म्हणजे ८. ५० च्या शेजारचा २९ क्रमांकाचा इम्प बिघडलेला होता आणि त्याच्या स्मृतीतून बिट गळत होते. लाइनवरून जाताना पॅकेट बिघडले तर तपासणीत पकडले जाई. स्मृतीत पडून असताना बिघडले तर मात्र ते पकडणारे काही नव्हते. एका निरोपाचे असे तीन झाले. प्रत्येक इम्पला ८ नंतर ४० नवा वाटे, मग ४४, मग पुन्हा ८. तो प्रत्येक वेळी मनापासून नकाशा दुरुस्त करी आणि निरोप सर्व शेजाऱ्यांना देई. निरोप शिळा झाल्यावर टाकून देण्याची सोय होती, पण त्याचे वय मोजले जाई ते तो एका इम्पमध्ये काही सेकंद पडून राहिला तरच. हे तिघे इतक्या वेगाने फिरत होते की ते म्हातारे होईनात. मार्गाच्या निरोपांना सर्वांत वरचा मान असल्यामुळे लाइन जिवंत आहे की नाही हे पाहण्याचे कामही मागे पडले, आणि धडधाकट लाइन्स तुटल्या असे इम्प समजू लागले.

एक इम्प बंद करून चालू केला तर? शेजारी त्याला तेच तीन निरोप लगेच पुन्हा देणार. कुठलेही यंत्र एकट्याने बरे होऊ शकत नव्हते. शेवटी ५० क्रमांकाच्या नावाने येणारा निरोप सरळ टाकून द्यावा, असे ठिगळ तयार करून ते सर्व इम्पना लावावे लागले. या सगळ्यात साधारण चार तास गेले.

एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये या दिवसाची साद्यंत हकिगत आरएफसी या जाळ्याच्या जाहीर टिपणांच्या मालेत ७८९ क्रमांकाने प्रसिद्ध केली. स्वतःच रचलेल्या पद्धतीत काय राहून गेले ते त्यांनी पायरीपायरीने, काही न झाकता मांडले. पुलाच्या किंवा धरणाच्या अपघातानंतर जसा अहवाल लागतो, तसा हा जाळ्याच्या अपघातावरचा अहवाल आहे. त्यातून एक स्वतंत्र उपाय निघाला. बीबीएनमध्ये काम करून डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये गेलेल्या रॅडिया पर्लमन यांनी १९८३ मध्ये दाखवले की क्रमांक वर्तुळात फिरवूच नयेत. ते इतके मोठे ठेवावेत की संपणारच नाहीत, सरळ रेषेत चढत जावेत, आणि निरोपाचे वय प्रत्येक हातात घटत जावे. मग स्मृतीत कितीही घाण साठली तरी जाळे आपोआप ताळ्यावर येते. आज राउटर बिघडतात, खोटे बोलतात, मरतात, तरी सबंध जाळे त्या ऑक्टोबरसारखे अडकून पडत नाही, याचे मोठे श्रेय पर्लमन यांच्या त्या मांडणीला आहे.

१९८३ मध्ये लष्करी ठिकाणे मिलनेट या नावाने वेगळी झाली. ११३ पैकी ६८ इम्प तिकडे गेले, ४५ आर्पानेटमध्ये उरले. वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडणारे टीसीपी-आयपी हे नियम आले, विद्यापीठांची अंतर्गत जाळी जोडली जाऊ लागली आणि रहदारी फुगली. ऑक्टोबर १९८६ मध्ये व्हॅन जेकबसन यांना लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळलेला आढळला. अंतर चारशे यार्ड, मध्ये मोजके इम्प. त्यावर त्यांनी काढलेला उपाय टीसीपीतला होता, म्हणजे पाठवणाऱ्याने हात आवरण्याचा. त्याची कथा वेगळी आणि तितकीच थोर आहे. पण त्याच सुमारास मार्ग शोधणाऱ्या पद्धतीतही काहीतरी बिनसले होते.

आर्पानेटच्या दोन भागांना जोडणाऱ्या दोन लाइन्स आहेत असे धरू. दहा सेकंद मोजल्यावर पहिलीवर विलंब जास्त दिसतो. निरोप सेकंदाच्या दहाव्या भागात सर्वांकडे जातो. सर्वांकडे एकच नकाशा, एकच कृती, म्हणून सर्वांचे उत्तरही एकच: दुसरी लाइन. द्रुतगती मार्गावर कोंडी आहे असे एकाच वेळी सगळ्यांना कळावे, सगळ्यांनी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला वळावे, आणि खोपोलीला सगळे अडकले असताना द्रुतगती मार्ग ओस पडावा, तसे. पुढच्या दहा सेकंदांनी उलट. एक लाइन तुडुंब आणि दुसरी रिकामी, आळीपाळीने. लाइन्स दोन असून उपयोग एकीचाच. माहिती खरी होती, ताजी होती, गणित बिनचूक होते. तरीही निकाल वाईट, कारण मोजलेला विलंब हा सगळे वळण्याआधीचा होता, सगळे वळल्यानंतरचा नव्हे. एमआयटीतले दिमित्री बर्टसेकास यांनी १९८२ मध्येच हे हेलकावे गणिताने दाखवून दिले होते.

शिवाय आकड्यांचा पल्ला अवाढव्य होता. गर्दीने भरलेली ९.६ किलोबिटांची लाइन मोकळ्या ५६ किलोबिटांच्या लाइनपेक्षा १२७ पट महाग दिसू शके. म्हणजे तिला टाळण्यासाठी पॅकेट जाळ्याला मोठा वळसा घालायला तयार. प्रत्येक वळसा म्हणजे आणखी चार लाइन्सवर तेच पॅकेट. गर्दी टाळण्याच्या धडपडीतून गर्दी वाढत होती. अशा बारीक लाइन्स त्या काळी दुर्मीळ नव्हत्या. भारतात ‘अर्नेट’ या शिक्षण-संशोधन संस्थांच्या जाळ्याच्या सुरुवातीच्या भाड्याच्या लाइन्सही ९.६ किलोबिटांच्याच होत्या, आणि मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून बाहेरच्या जगाकडे जाणारी लाइनही तेवढ्याच जाडीची होती.

बीबीएनमध्ये अतुल खन्ना आणि जॉन झिंकी यांनी हा गुंता सोडवला. डाइक्स्ट्राच्या कृतीला त्यांनी हात लावला नाही, निरोप पसरवण्याच्या रीतीलाही नाही. बदलला तो फक्त लाइनवर लावायचा आकडा. विलंब मोजायचा, पण तो जसाच्या तसा जाहीर करायचा नाही. त्यावरून लाइन किती भरली आहे याचा अंदाज घ्यायचा, आधीच्या अंदाजाशी त्याची सरासरी काढायची, आणि मग टप्प्यांच्या भाषेत किंमत ठरवायची. गर्दी बेताची असेपर्यंत किंमत हलतच नाही. त्यापुढे चढते, पण कितीही भरली तरी मोकळ्या लाइनच्या तिप्पट, त्यावर नाही. वेगवेगळ्या जातींच्या लाइन्समधला फरकही जास्तीत जास्त सातपट.

तिप्पट म्हणजे काय? एका टप्प्याऐवजी तीन टप्पे, म्हणजे फार तर दोन जादा टप्प्यांचा वळसा परवडेल. लाइन भरू लागली की आधी ती पॅकेटे बाजूला होतात ज्यांना दुसरी वाट जवळजवळ तेवढीच लांब आहे. आणखी भरली की एक टप्पा जास्त चालून जाणारी. ज्यांना दुसरी वाट फारच लांब आहे ती तिथेच राहतात, आणि त्यांच्यासाठी जागा मोकळी होते. सगळे एकदम उठत नाहीत, थोडे थोडे सरकतात. किंमत एका निरोपात किती बदलावी यालाही लगाम होता, आणि चढण्याचा लगाम उतरण्याच्या लगामापेक्षा थोडा सैल, म्हणजे सारख्या लाइन्स हळूहळू एकमेकींपासून फुटून वेगळ्या होतील. नव्याने चालू झालेली लाइन सर्वांत चढ्या किमतीला सुरुवात करी, म्हणजे तिच्यावर झुंबड न पडता रहदारी हळूहळू येई.

प्रत्येकाला स्वतःपुरती सर्वोत्तम वाट देण्याचा हट्ट या आकड्याने सोडला आणि बहुतेकांना चांगली वाट देण्याचे ध्येय धरले. क्राउदर यांच्या मूळ स्वप्नातला गर्दी पाहण्याचा भाग त्यात शिल्लक होता, पण त्याला संयमाची जोड मिळाली होती.

जुलै १९८७ मध्ये नवा आकडा आर्पानेटवर लागू झाला. मे आणि ऑगस्ट यांची मोजणी खन्ना आणि झिंकी यांनी १९८९ मध्ये ऑस्टिनच्या सिगकॉम परिषदेत मांडली. रहदारी १३ टक्क्यांनी वाढली होती, तरी जाण्यायेण्याचा सरासरी वेळ सुमारे ६३५ मिलिसेकंदांवरून ३३८ वर आला होता. रहदारी कोणाकडून कोणाकडे जाते हे त्या तीन महिन्यांत थोडे बदलले असणार, म्हणून मला त्यांच्या तक्त्यातला दुसरा एक आकडा अधिक बोलका वाटतो. पॅकेट प्रत्यक्षात किती टप्पे चालले आणि कमीत कमी किती टप्प्यांत पोचले असते, यांचे प्रमाण आधी १.२४ होते, नंतर १.१४ झाले. म्हणजे निष्कारण घातलेले वळसे चाळीस टक्क्यांच्या आसपास घटले. एवढे सगळे एका आकड्याची व्याख्या बदलून.

आर्पानेट २८ फेब्रुवारी १९९० ला अधिकृतपणे बंद झाले. खन्ना-झिंकी यांची रीत त्याबरोबर जवळजवळ विस्मरणात गेली. ऑक्टोबर १९८९ मध्ये प्रोटिऑन कंपनीच्या जॉन मॉय यांनी ओएसपीएफची पहिली मांडणी प्रसिद्ध केली. तीत नकाशा आहे, पुरासारखे सर्वत्र पसरणारे निरोप आहेत, पण गर्दी नाही. लाइनची किंमत जाळे सांभाळणारा माणूस हाताने ठरवतो, बहुतेकदा लाइन जितकी जाड तितकी किंमत कमी. तिच्यावर आत्ता किती गर्दी आहे हे राउटर विचारतच नाही. लाइन्स स्वस्त होत होत्या, चुकीचे हेलकावे महाग पडत होते, आणि अभियंत्यांनी मुकाट जाडी वाढवणे पसंत केले.

गर्दीचा विचार परत आला तो दुसऱ्या दारातून. जानेवारी २००१ मध्ये एमपीएलएस नावाच्या रचनेचे मूळ दस्तऐवज निघाले. तीत मोठ्या प्रवाहांसाठी वाट आधीच आखून घेता येते, मग ती सर्वांत जवळची असो वा नसो. त्यामुळे त्याच दोन टोकांमधली रहदारी दोन-तीन वाटांवर वाटता येते. त्या दस्तऐवजाच्या तीन लेखकांत पहिले नाव एरिक रोझेन यांचे आहे, तेव्हा ते सिस्को कंपनीत होते. २०१३ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या माहितीकेंद्रांना जोडणाऱ्या बी-४ या जाळ्याची माहिती सिगकॉममध्ये मांडली. तिथे एक मध्यवर्ती प्रोग्रॅम सगळ्या लाइन्सची गर्दी पाहून वाटा वाटून देतो, आणि अनेक लाइन्स जवळजवळ शंभर टक्के भरून चालवल्या जातात. सर्व राउटर, सर्व लाइन्स आणि दोन्ही टोकांचे संगणक एकाच मालकाचे होते, कोणते काम थोडे मागे ढकलता येईल हे त्याला आधीच ठाऊक होते, म्हणून ते जमले. वेगवेगळ्या मालकांच्या जाळ्यांना जोडणारी बीजीपी ही पद्धत १९८९ पासून चालत आली आहे. तिच्या निरोपांत गर्दीचा आकडा नाही, आणि तिथली रहदारी इकडून तिकडे वळवायची तर ते काम अजूनही अभियंते पुष्कळदा हातानेच करतात.